रात्रीची कीर्द

"माळ घातली, दारू सुटली; आता पुढे काय?" असा प्रश्न एका कार्तिकीला, चंद्रभागेच्या वाळवंटात, आमच्याच दिंडीतील एका बंधूंनी आम्हांस विचारला. धंद्याने ते सुतार. त्याच वर्षी आषाढीस त्यांनी पंढरीत माळ घेतली होती. प्रश्न लहान होता, पण त्याच्या मागे एक सबंध घर उभे होते: पत्नी, दोन लेकरे, म्हातारी आई. आम्ही त्या वेळी म्हणालो, "माऊली, नाम घ्या, सांभाळून असा." हे उत्तर खोटे नव्हते, पण ते अपुरे होते. कसे ते पुढे सांगतो.

चैत्री वारीला हे बंधू आले नाहीत. गावात चौकशी केली तेव्हा कळले की, एका लग्नात ते पुन्हा प्याले, माळ काढून देव्हाऱ्यात ठेवली, आणि तेव्हापासून देवळाकडे फिरकले नाहीत. लोक म्हणू लागले, "बघा, माळेचीसुद्धा लाज राखली नाही." आमचे वीणेकरी बुवा म्हणाले, "बोलणारे बोलोत, आपण जाऊन येऊ." आम्ही दोघे गेलो. गृहस्थ खाली मान घालून बसले होते. बुवांनी लग्नाचा विषयच काढला नाही. "माऊली, जेवलात का?" एवढेच विचारले. तेव्हा ते बोलू लागले.

"बुवा, गाव म्हणतं मी लग्नात प्यालो. पण मी तीन आठवडे आधीच घसरलो होतो. गिलास तेवढा लग्नात उचलला."

मग सारे बाहेर आले. बांधावरून थोरल्या भावाशी वाद झाला. शिवीगाळ झाली. त्या रात्रीपासून झोप गेली. "काम आहे" म्हणून संध्याकाळचा हरिपाठ सुटला. एका गिऱ्हाईकाकडून दरवाजाच्या चौकटीसाठी उचल घेतली, ती घरी अर्धीच सांगितली. जेवणाची वेळ राहिली नाही. "रोज एक एक गोष्ट लपवत गेलो," ते म्हणाले, "आणि एवढं लपवायला लागलं की बाटली आपोआप आठवते."

वाचकहो, या एका वाक्यात आमच्या अपुऱ्या उत्तराची उणीव आम्हांला दिसली. दारू सोडणे हे एका दिवसाचे काम, सुटलेली टिकवणे हे रोजचे. भिंत एकदम पडत नाही, आधी ओल धरते. ती ओल रोज पाहावी लागते. या रोजच्या पाहण्यालाच आम्ही या लेखात रात्रीची कीर्द म्हणत आहो.

आधी देहाची काळजी

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मद्यासक्ती हा नुसता दुर्गुण नव्हे, तो रोगही आहे, असे आजचे वैद्यकशास्त्र मानते. पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन-चार दिवसांत फेफरे येते, भास होतात, भान जाते, आणि उपचार न झाल्यास जिवावरही बेतते. म्हणून अशा माणसाला मठात किंवा खोलीत कोंडून ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. तसेच "रोग्याला न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती पाहून चहात, भाजीत औषध कालवू नये. तशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर प्राणाशी गाठ पडते. देहाचे डॉक्टरांनी पाहावे. मनाचे आपण व आपल्या सोबत्यांनी पाहावे. दोन्ही कामे देवाचीच आहेत.

ॲक्रन गावची हकीकत

रोजच्या आत्मपरीक्षणाला दारूमुक्तीचे साधन म्हणून नेमून दिले ते अमेरिकेतील काही मद्यपी माणसांनी. ती हकीकत आमच्या वाचकांनी ऐकण्यासारखी आहे.

१९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे शेअरबाजारातील एक गृहस्थ ओहायो राज्यातील ॲक्रन गावी कामासाठी गेले होते. दारू सोडून त्यांना पाच-सहा महिने झाले होते. काम फसले. परक्या गावी, खिशात फारसे काही नाही, आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात उभे असता शेजारच्या मद्यगृहातील हसणे-बोलणे कानावर येत होते. तो क्षण कठीण होता. त्यांनी ओळखले की, आता आपल्याला दुसरा मद्यपी भेटला पाहिजे. त्याला उपदेश करण्यासाठी नव्हे, आपला जीव वाचवण्यासाठी. तिकडील देवळांच्या यादीवरून त्यांनी फोन करण्यास आरंभ केला. शेवटी डॉ. बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी गाठ पडली. पाव तास बसू म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. आपल्याच दुखण्याचा माणूस त्यांना प्रथमच भेटला होता.

यानंतरचा भाग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा. हे डॉक्टरसुद्धा थोड्याच दिवसांत एका वैद्यक परिषदेला गेले असता पुन्हा प्याले. बिल यांनी त्यांना टाकून दिले नाही. त्यांनी शेवटची दारू घेतली ती १० जून १९३५ रोजी. त्या दिवशी शस्त्रक्रियेचे काम आटोपून डॉक्टर घरी परतले नाहीत. ज्यांना आजवर तोंड चुकवीत होते, ज्यांचे आपल्याकडून नुकसान झाले होते, त्यांच्या दारी ते गेले. पुढे १९५० साली मरेपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे नाव न सांगणाऱ्या मद्यपींच्या संघाचा जन्मदिवस मानतात. १९३९ साली त्यांचा ग्रंथ निघाला व त्यात बारा पायऱ्या सांगितल्या. भारतात ही मंडळी १९५७ सालापासून आहेत. आपल्या पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले.

त्या बारा पायऱ्यांपैकी दहावीचा आशय असा की, स्वतःची तपासणी रोज चालू ठेवावी व चूक दिसताच ताबडतोब कबूल करावी. अकरावीचा आशय असा की, प्रार्थना व ध्यान यांनी देवाशी संबंध वाढवावा. त्याच्यापाशी त्याची इच्छा कळावी व ती पार पाडण्याचे बळ मिळावे, एवढेच मागावे. देव कोणता, हे त्यांनी ठरवून दिले नाही. ज्याला जसा कळला तसा. आम्हां वारकऱ्यांना तो विटेवर उभा असलेला दिसतो, एवढेच.

येणे आणि देणे

या तपासणीला त्या मंडळींनी दुकानदारीचाच शब्द योजला आहे: दुकानातील मालाची मोजदाद. आम्हांला तो वाचून लगेच देहूची आठवण झाली. श्रीतुकोबारायांचे घराणे वाण्याच्या व सावकारीच्या व्यवहाराचे. जमा काय, नावे काय, शिल्लक काय, हे त्यांना बालपणापासून ठाऊक. पुढे वैराग्य झाल्यावर त्यांनी कर्जखतांचे कागद बाहेर काढले. धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला, आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, हे चरित्र सर्वांना माहीत आहे.

पण हे कागद कसले होते? लोकांकडून जे येणे होते त्याचे. तुकोबांनी आपले येणे बुडवले. आपले देणे बुडवल्याचे कोठे सांगितलेले नाही. आणि आपण काय करतो? नेमके उलटे. अमक्याने मला काय म्हटले, तमक्याने माझा वाटा कसा मारला, बायकोने चारचौघांत कसा अपमान केला, हे येणे आपण व्याजासह जपून ठेवतो. आणि आपण कोणाचे काय देणे लागतो, ते पान मात्र चिकटलेले असते. दारू सोडलेल्या माणसाला हे जपलेले येणे फारच महाग पडते. "माझ्यावर एवढा अन्याय झाला, मग एक घोट घेतला तर काय बिघडले?" ही पावती ज्या खात्यावर फाटते ते हेच खाते.

म्हणून रात्रीच्या कीर्दीचा नियम एका ओळीत सांगावयाचा तर असा: येणे इंद्रायणीत सोडावे, देणे फेडावे. लोकांच्या चुका आपल्या वहीत लिहू नयेत. त्यांची वही त्यांच्यापाशी आहे, आणि ती पाहणारा समर्थ आहे.

पाच प्रश्न

आता प्रत्यक्ष काय करावयाचे ते सांगतो. रात्री अंथरुणावर पाठ टेकण्यापूर्वी दहा मिनिटे बसावे. प्रथम देहाचे चार प्रश्न. उपाशी होतो का? रागात होतो का? एकटा पडलो होतो का? थकलो होतो का? व्यसनमुक्तांच्या मंडळींत हे चार फार जपतात, कारण बहुतेक घसरणी या चार वाटांनी येतात. सुताराच्या हकीकतीत चारही होत्या, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

मग मनाचे पाच प्रश्न. यासाठी नवीन शोध लावण्याची गरज नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना आरंभीच पाच नावे येतात: अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांति, आर्जव. श्रीज्ञानेश्वर माऊलींनी तर ही लक्षणे माणसाच्या वागण्यात कशी दिसतात हे फार विस्ताराने दाखवले आहे. ती वाचावयाची ती दुसऱ्याला लावण्यासाठी नव्हे, स्वतःला विचारण्यासाठी.

अमानित्व: आज मला मान मिळाला नाही म्हणून कोठे टोचले का? "मी दारू सोडली, तरी कोणाला कौतुक नाही," असे मनात आले का?

अदंभित्व: आज मी काय लपवले? आत एक व बाहेर एक असे कोठे झाले? पिणाऱ्या माणसाला लपवण्याची सवय बाटलीबरोबर लागते, पण ती बाटलीबरोबर सुटत नाही. हा प्रश्न रोज विचारलाच पाहिजे.

अहिंसा: माझ्या हाताने, जिभेने, किंवा नुसत्या अबोल्याने आज कोण दुखावले? घरच्या लेकराने मला पाहून आवाज खाली केला का?

क्षांति: आज मला काय सोसले नाही? कोणता राग मी पोटाशी धरून निजत आहे?

आर्जव: आर्जव म्हणजे सरळपणा. पैशाच्या व्यवहारात, बोलण्यात, वेळ पाळण्यात मी वाकडा चाललो का?

नंतर जमेची बाजू लिहावी, ही विसरू नये. आज प्यालो नाही. मुलाच्या शाळेची फी भरली. रागाने शब्द ओठावर आला, तो गिळला. जी कीर्द नुसतीच नावे लिहिते ती खोटी कीर्द होय. "मी महापापी, माझ्याने काही व्हायचे नाही" असे रोज घोकणे हाही एक अहंकारच आहे. शिवाय तो दारूकडे नेणारा आहे. चूक लिहावी, उद्या काय करावयाचे ते लिहावे, आणि पांडुरंगाच्या पायाशी वही ठेवून निजावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मनातल्या मनात करावे. बोटांच्या पेरांवर पाच प्रश्न सहज मावतात.

चार वेळा

ही तपासणी चार वेळांस करावयाची आहे. पहिली तत्क्षणी: रागाची लाट आली की तिथल्या तिथे थांबावे, तीनदा नाम घ्यावे, मग बोलावे, आणि बोलून चुकलोच तर सूर्य मावळण्याच्या आत "माझं चुकलं" म्हणावे. दुसरी रोज रात्री, ती वर सांगितली. तिसरी दर एकादशीस: उपवासाच्या दिवशी एका विश्वासू सोबत्यापाशी बसून पंधरा दिवसांचे पान वाचावे. मनात ठेवलेला हिशेब आपण आपल्या सोयीने जुळवतो. दुसऱ्याला ऐकवला म्हणजे चूक सापडते. सोबती असा हवा की जो ऐकेल, गावभर करणार नाही, आणि शक्य तर या दुखण्यातून स्वतः गेलेला असेल. चौथी वर्षातून एकदा, आषाढी वारीला निघण्यापूर्वी. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची व अष्टमीला आळंदीहून माऊलींची पालखी निघते. त्याआधीचे आठ दिवस कोणाचे काय देणे राहिले ते पाहावे, आणि शक्य तेवढे फेडून मगच पताका खांद्यावर घ्यावी.

देणे फेडण्यात दोन गोष्टी सांभाळाव्या. आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्याच्या घरात आग लावू नये. जी कबुली दिल्याने तिसऱ्याचे नुकसान होईल ती सोबत्यापाशी बोलावी व योग्य वेळेची वाट पाहावी. दुसरे असे की, आपण क्षमा मागितली म्हणून समोरच्याने लगेच दिलीच पाहिजे असा हक्क सांगू नये. दहा वर्षे जिने रात्री जागून काढल्या, तिचा विश्वास दहा दिवसांत परत येत नाही. तिने संशयाने तोंडाचा वास घेतला तर रागावू नये. तो तिचा अपराध नव्हे. ते आपल्याच जुन्या खात्यावरचे व्याज आहे. आणि घरच्यांनाही आधार लागतो, हे जाणून १९५१ साली अमेरिकेत मद्यपींच्या कुटुंबीयांचा अल-अनॉन हा वेगळा संघ निघाला. आपल्या भजनी मंडळांतील माताभगिनींनी अशा घरातील बाईला आपल्यात ओढून घ्यावे.

नाम असता हिशेब कशाला?

कोणी भाविक म्हणतील, "अहो, नामाने पापाचे डोंगर जळतात, मग ही वाण्याची वही आमच्या गळ्यात कशाला?" शंका योग्य आहे. आमचे उत्तर असे: नामाच्या बळावर पाप करीत राहणे हा नामापराधच गणला आहे. दिवा लावल्यावर घरातला केर दिसतो. तो दिसू नये म्हणून दिवा लावीत नाहीत. नाम हा दिवा आहे, कीर्द हा झाडू आहे. ज्याला केर दिसतच नाही, त्याने आपला दिवा तेवतो आहे की नाही ते पाहावे. तुकोबांचे किती अभंग स्वतःच्या मनालाच उद्देशून आहेत, त्यात ते स्वतःची किती कठोर झडती घेतात, हे गाथा वाचणाऱ्यास सांगावयास नको. जगद्गुरूंना जी झडती टाळता आली नाही, ती आपणांस टळेल काय?

गाडगेबाबांच्या घरची गोष्टही अशीच बोलकी आहे. त्यांच्या वडिलांच्या दारूपायी घर बसले, लहानग्या डेबूला आजोळी वाढावे लागले. १९५६ च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत बाबा कीर्तनात व्याख्यान देत नसत; लोकांनाच प्रश्न विचारीत. उत्तर ज्याचे त्याला द्यावे लागे. रात्रीची कीर्द म्हणजे तसेच एक कीर्तन, फक्त विचारणारे आपण व उत्तर देणारेही आपणच.

दिंडीचे देणे

आता सुताराची राहिलेली हकीकत. त्या दिवशी बुवांनी त्यांना आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेले. परत आल्यावर वही दिली. पहिल्याच रात्रीच्या पानावर भावाचे नाव निघाले. बांध कोणाचा, हा वाद होताच. बुवा म्हणाले, "बांधाचं मोजणी ठरवील. तुमच्याकडे देणं काय निघतं?" ते म्हणाले, "मी आईवरून शिवी दिली. आई तर दोघांची एकच." दुसऱ्या दिवशी ते भावाच्या दारी गेले व म्हणाले, "दादा, बांधाचं होईल ते होईल. शिवी दिली ती माझी चूक." भाऊ काही बोलला नाही, आत निघून गेला. पण त्या रात्री सुतारांना झोप लागली. गिऱ्हाईकाची चौकट आठ दिवसांत पुरी झाली. फडावरील वडीलधाऱ्यांना विचारून, पुढल्या आषाढीस, त्यांनी पुन्हा माळ घेतली. आजही ते रोज रात्री वही उघडतात. पुढे कधीच घसरणार नाहीत असे आम्ही लिहून देत नाही. तेही देत नाहीत. ते एवढेच म्हणतात, "आजचा दिवस जमा."

या हकीकतीत एक देणे आमच्याही नावावर निघाले. माळ घेताना आम्ही टाळ वाजवले, पण कार्तिकी ते चैत्री या पाच महिन्यांत "कसं चाललंय?" म्हणून विचारायला आमच्यातले कोणी गेले नाही. घसरलेल्याची बातमी गावभर नेणारे पुष्कळ, त्याच्या ओट्यावर जाऊन बसणारा एखादा. प्रत्येक दिंडीने असा एक सोबती नेमावा, आणि एकादशीच्या भजनानंतर अर्धा तास या कामासाठी राखावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे. जवळ केंद्र कोठे आहे हे ठाऊक नसल्यास १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती मदतवाणीवर विचारावे.

आजची शिल्लक उद्याच्या पानावर ओढून लिहावी, हा कीर्दीचा नियम. आपल्या कीर्दीत फरक एवढाच की, केलेली सेवा पुढे ओढावी व राग आजच्याच पानावर संपवावा. ज्यांच्या घरी हे दुखणे नाही त्यांनीही आज रात्री दहा मिनिटे बसून पाहावे. दारू नसेल, पण चिकटलेले पान प्रत्येकाच्या वहीत एखादे निघतेच.

रामकृष्णहरि.